आधी चित्र, मग सजावट : वारली चित्रकला आणि आपलं घर



घराला रंग द्यायचा ठरला की आपण आधी सोफा, पडदे बघतो आणि शेवटी म्हणतो, "या रिकाम्या भिंतीवर एखादं वारली लावून टाकू." डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवरची रीत याच्या अगदी उलट आहे. तिथे लग्न ठरलं की चित्रासाठी भिंत तयार केली जाते.

भिंत कशी तयार होते?
कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर शेणमातीचा लेप आणि गेरूचा हात. मग पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ आणि टोक ठेचलेली बांबूची काडी. बस्, एवढंच साहित्य! सवाशिणी लग्नचौक काढतात, त्याला 'चौक लिहिणं' म्हणतात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. म्हणजे हे चित्र नुसती शोभा नाही, तो लग्नविधीचाच भाग आहे.

भिंतीवरून कागदावर
१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी या कलेला कागद मिळवून दिला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे शेती, मासेमारी, तारपा नाच असं रोजचं जगणं काढू लागले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बायकांनी जपलेली कला अशी घराबाहेर पडली आणि जगभर पोचली.

मग आपल्या घरात काय करावं?
१. एकच भिंत निवडा. चारही भिंतींवर माणसं नाचवली तर डोळा कुठेच ठरत नाही.
२. चित्र आधी ठरवा. पडदे, उशांचे अभ्रे मातकट किंवा साध्या रंगाचे घ्या. गेरू आणि पांढरा, या दोन रंगांना बोलू द्या.
३. ओल धरणारी भिंत टाळा. कागदावरचं चित्र असेल तर काचेत मढवा आणि थेट उन्हात लावू नका.
४. लग्नचौक दिवाणखान्यात नक्षी म्हणून काढू नका. तारपा नाच, भातलावणी, झाडं असे कितीतरी विषय आहेत.
५. छापील स्टिकरऐवजी चित्रकाराकडूनच चित्र घ्या. त्याचं किंवा तिचं नाव आणि गाव विचारून चित्रामागे लिहून ठेवा.

हा पाचवा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. स्टिकरवर नाव नसतं. नाव गेलं की मोबदला जातो, आणि हळूहळू कला कुणाची हेही विसरलं जातं.

मुलांसाठी उपक्रम
दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढा, वर गोल डोकं, बारीक हातपाय. झाला माणूस! मग मुलांना विचारा, "हा काय करतोय?" आपल्या आजूबाजूचं काम त्यांना काढू द्या : भाजीवाली, रिक्षावाला, पाणी भरणारी आई. खाली स्वतःचं नाव लिहायला लावा.

स्वतःच्या चित्राखाली नाव लिहिणारं मूल उद्या दुसऱ्याच्या चित्राखालचं नावही वाचेल. तर मग, या सुट्टीत कोणती भिंत मोकळी करताय?