आईची अंगठी

दुखण्यातून उठल्यावर आईच्या बोटातून अंगठी गळू लागली. महिनाभर तिने दोरा गुंडाळून निभावले. शेवटी आम्ही दोघे वडगावच्या पेठेतल्या सोनारांकडे गेलो.

"लहान करायला काय घ्याल?" मी विचारले.

सोनार हसले. "मजुरी थोडीच आहे, सर. खरा हिशेब सोन्याचा! लहान करताना तुकडा निघतो. मोठी करायची तर थोडी ठोकून वाढते. त्याहून जास्त हवी तर सोने घालावे लागते, आणि तेही त्याच कसाचे. २२ कॅरट म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध सोने. जोड हलकी पडली, तर मोडीत किंमत उतरते."

तेव्हा वाचकहो, अंगठी देताना आणि परत घेताना डोळ्यांदेखत वजन करून घ्यावे, निघालेल्या तुकड्याचा हिशेब मागावा. त्यात संकोच कसला?

संध्याकाळी काम झाले. गुलाबी कागदात गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा होता. "मजुरीत वळता करू का?" सोनारांनी विचारले. आईने मानेनेच नकार दिला.

घरी आल्यावर ती पुडी देवघरातल्या डबीत ठेवत म्हणाली, "असू दे. बोट पुन्हा भरलं, तर जोडायला लागेल."

आईला ७८वे वर्ष लागले आहे.