टॉम म्बोया : कामगार चळवळ ते नियोजन मंत्रालय

विषयप्रवेश

स्वातंत्र्यलढ्यातील नेता सत्तेवर आला म्हणजे त्याच्या पूर्वीच्या भूमिकांचे काय होते, हा वसाहतोत्तर राजकारणाच्या अभ्यासातील एक मूलभूत प्रश्न आहे. केनियाचे कामगार नेते आणि माजी मंत्री टॉम म्बोया (१९३०–१९६९) यांची कारकीर्द या दृष्टीने विशेष उद्बोधक ठरते. प्रस्तुत लेखात त्यांच्या कार्याचे तीन टप्पे विचारात घेतले आहेत : कामगार संघटन, उच्च शिक्षणासाठीचे प्रयत्न आणि मंत्रिपदाचा काळ.

कामगार संघटन

म्बोया हे लुओ समाजाचे. त्यांचे मूळ घराणे व्हिक्टोरिया सरोवरातील रुसिंगा बेटावरचे. परंतु त्यांचा जन्म थिकाजवळच्या घायपाताच्या मळ्यावर झाला. तेथे त्यांचे वडील नोकरीस होते. मिशनरी शाळांतील शिक्षण पैशाअभावी थांबल्यावर त्यांनी स्वच्छता निरीक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि ते नैरोबी नगरपालिकेच्या सेवेत दाखल झाले. एकाच कामासाठी गोऱ्या व आफ्रिकी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या वेतनातील तफावत त्यांनी येथेच अनुभवली.

ऑक्टोबर १९५२ मध्ये माऊ माऊ उठावाच्या पार्श्वभूमीवर ब्रिटिश शासनाने आणीबाणी पुकारली. जोमो केन्याटा यांना अटक झाली आणि १९५३ मध्ये केनिया आफ्रिकन युनियन या पक्षावर बंदी आली. राजकीय संघटनेचे मार्ग बंद झाले, तरी नोंदणीकृत कामगार संघटना कायदेशीर होत्या. १९५३ मध्ये कामगार महासंघाचे सरचिटणीस झालेल्या म्बोयांनी या फटीचा कुशलतेने उपयोग केला. वेतन, घरे व झडत्या यांविषयीच्या तक्रारींना त्यांनी राजकीय मागणीचे रूप दिले. ऑक्सफर्डच्या रस्किन महाविद्यालयात वर्षभर अध्ययन करून परतल्यावर १९५७ मध्ये ते नैरोबीतून वसाहतीच्या विधिमंडळावर निवडून आले. डिसेंबर १९५८ मध्ये आक्रा येथे भरलेल्या अखिल आफ्रिकी लोकपरिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांचे वय अवघे २८ वर्षांचे होते.

उच्च शिक्षणाचा प्रयत्न

स्वतंत्र देशाचा कारभार चालवण्यासाठी प्रशिक्षित मनुष्यबळ लागेल आणि वसाहतीची मर्यादित शिक्षणव्यवस्था ते पुरवू शकणार नाही, हे म्बोयांनी वेळीच ओळखले. अमेरिकेतील मित्रांच्या साहाय्याने सप्टेंबर १९५९ मध्ये ८१ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी विमानाने तिकडे रवाना झाली. पुढील वर्षी प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा केनेडी कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने १ लाख डॉलर दिले. पुढे नोबेल शांतता पुरस्काराच्या मानकरी ठरलेल्या वांगारी माथाई १९६० मध्ये याच उपक्रमातून अमेरिकेस गेल्या. स्वातंत्र्यानंतर प्रशासन व विद्यापीठे उभारणाऱ्या पिढीतील अनेक जण या योजनेचे लाभार्थी होते.

मंत्रिपदाचा काळ

१९६२ मध्ये म्बोया संमिश्र सरकारात कामगारमंत्री झाले. त्याच वर्षी सरकार, मालक व कामगार महासंघ यांच्यात औद्योगिक संबंधांची सनद संमत झाली. संपापूर्वी वाटाघाटी व लवाद यांचा अवलंब व्हावा, हे तिचे सूत्र होते. १९६३ मध्ये त्यांच्याकडे न्याय व घटनाविषयक खाते आले. प्रांतांना स्वायत्तता देणारी स्वातंत्र्यकालीन रचना मोडून डिसेंबर १९६४ मध्ये केंद्रप्रधान प्रजासत्ताक स्थापन झाले, त्यात त्यांचा वाटा मोठा होता.

त्यानंतर आर्थिक नियोजनमंत्री या नात्याने त्यांच्या देखरेखीखाली १९६५ चा १० क्रमांकाचा धोरणपत्र सिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात ‘आफ्रिकी समाजवाद’ असला, तरी आशय मिश्र अर्थव्यवस्थेचा होता : खासगी मालमत्तेला संरक्षण, परकीय भांडवलाला वाव आणि सरसकट राष्ट्रीयीकरणास नकार. सुपीक जमीन, पुरेसा पाऊस व दळणवळण असलेल्या भागांत गुंतवणूक केल्यास उत्पादन अधिक वाढेल आणि त्या वाढीचा लाभ मागास भागांना देता येईल, असा त्यातील तर्क होता. म्बोयांचे स्नेही व अर्थतज्ज्ञ बराक ओबामा (अमेरिकेच्या माजी अध्यक्षांचे वडील) यांनी त्याच वर्षी एका नियतकालिकात या पत्रावर टीका करून अर्थव्यवस्थेची मालकी कोणाकडे राहणार, हा प्रश्न उपस्थित केला. सत्ताधारी पक्षातील डाव्या गटाचाही या दिशेला विरोध होता. ओगिंगा ओडिंगा हे या गटाचे नेते. गोमंतकीय वंशाचे खासदार पिओ गामा पिंटो त्यांचे निकटचे सहकारी होते. पिंटो यांची २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत हत्या झाली.

याच वर्षी सरकारने प्रतिस्पर्धी कामगार महासंघ बरखास्त करून एकच मध्यवर्ती संघटना निर्माण केली आणि तिच्या सरचिटणीसाच्या नेमणुकीचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे गेला. १९६६ मध्ये पक्षाचे सरचिटणीस असलेल्या म्बोयांनी लिमुरू अधिवेशनात ओडिंगांचे उपाध्यक्षपद संपुष्टात आणणारी पुनर्रचना घडवून आणली. ओडिंगांनी नवा पक्ष काढताच पक्षांतर करणाऱ्या खासदारांना पुन्हा निवडणूक लढवणे भाग पाडणारी घटनादुरुस्ती झाली.

हत्या आणि परिणाम

५ जुलै १९६९ रोजी नैरोबीत एका औषधाच्या दुकानातून बाहेर पडताना म्बोयांवर गोळ्या झाडण्यात आल्या. न्जोरोगे या इसमास दोषी ठरवून फाशी देण्यात आली. सूत्रधारांविषयीचा संशय मात्र फिटला नाही. केन्याटांच्या वारसाचा प्रश्न चर्चेत असताना घडलेल्या या घटनेने लुओ व किकुयू समाजांतील दरी रुंदावली. ऑक्टोबरमध्ये किसुमू येथे निदर्शकांवर गोळीबार झाला आणि ओडिंगांच्या पक्षावर बंदी आली. जमातीच्या आधारावर राजकारण न करणाऱ्या नेत्याच्या मृत्यूने जमातवादालाच बळ मिळाले.

निष्कर्ष

आणीबाणीत ज्या संघटनस्वातंत्र्याच्या आधारे म्बोयांचे नेतृत्व घडले, त्याचा संकोच करणाऱ्या व्यवस्थेच्या उभारणीत पुढे त्यांचाच सहभाग होता. एकात्मता व जलद विकास यांना त्यांनी दिलेला अग्रक्रम नवजात राष्ट्राच्या संदर्भात समजण्याजोगा आहे. तथापि, समृद्ध भागांकडून मागास भागांकडे लाभ आपोआप झिरपले नाहीत. २०१० च्या राज्यघटनेने ४७ परगणे आणि मागास प्रदेशांसाठी समानीकरण निधी निर्माण केला, तो या असमतोलाची दखल घेऊनच. कर्तबगार मंत्र्याचे मूल्यमापन त्याने घडवलेल्या संस्थांबरोबरच त्याच्या पश्चात त्या संस्था कोणाच्या हाती गेल्या, यावरूनही करावे लागते, हे या कारकिर्दीतून स्पष्ट होते.