जीपचा तुटलेला पाटा : घरच्या घरी, पण जपून



गळीत हंगामात शेतकऱ्याची जीप म्हणजे घरचा बैलच. बेणे, खताची पोती, डिझेलचे कॅन, दुधाच्या किटल्या, सगळा भार तिच्यावरच. अशा वेळी पाटा तुटला की गॅरेजवाल्याची वाट पाहण्यात दोन-दोन दिवस मोडतात आणि खिशाला चाट बसते ती वेगळीच. जुन्या जीपला चारही चाकांवर पाटे असतात. सन 2000 मध्ये आलेल्या बोलेरोला पुढे गोल स्प्रिंग आणि मागे पाटे आहेत. पाट्याचे काम नेटाने केले तर घरी होण्यासारखे आहे.

ओळख : गाडी सपाट जागी रिकामी उभी करून दोन्ही बाजूंची जमिनीपासूनची उंची टेपने मोजावी. एक बाजू बसलेली दिसली, खड्ड्यात खडखड वाजले किंवा टायर मडगार्डला घासू लागला, तर पाटे तपासावेत. पाटा बहुधा मधल्या सेंटर बोल्टच्या भोकापाशीच तुटतो. यू-बोल्ट ढिले राहिले की सगळा ताण त्या भोकावर येतो. म्हणजे दोष नुसता पाट्याचा नसतो.

खर्च कोठे वाचवावा : पूर्ण संच घेण्याची नेहमीच गरज नसते. तुटलेला पाटा सोबत न्यावा आणि लांबी, रुंदी, जाडी व बाक जुळवून तेवढाच आणावा. मजुरी वाचते ती आपली. मात्र सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवेच घ्यावेत, कारण जुने ताणलेले असतात.

तुटलेला पाटा वेल्डिंग करून वापरू नये, हे निक्षून सांगतो. हे पाणी दिलेले पोलाद असते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारी ते कुठे ठिसूळ, कुठे नरम होते आणि पहिल्याच भरल्या खेपेला तिथेच तुटते.

कृती : आदल्या रात्री गंजलेल्या नटांवर डिझेल सोडून ठेवावे. गाडी कडक, सपाट जमिनीवर घ्यावी. दुसऱ्या टोकाच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावावेत. चाकाचे नट आधी ढिले करून मग जॅक लावावा. चासीखाली जाड लाकडी ओंडके द्यावेत. विटा देऊ नयेत, त्या एकाएकी फुटतात. काढलेले चाकही चासीखाली सरकवून ठेवावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचे नाही, मग काम पाच मिनिटांचे का असेना!

दुसरा जॅक अ‍ॅक्सलखाली द्यावा. अ‍ॅक्सल ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नये. आता यू-बोल्ट आणि दोन्ही टोकांचे बोल्ट काढले की संच खाली येतो. सेंटर बोल्ट सोडण्यापूर्वी संच दोन क्लॅम्पमध्ये घट्ट आवळावा. पाट्यांचे बाक वेगवेगळे असल्याने बोल्ट सुटताच ते उसळतात. हातावर बसले तर बोट गेलेच म्हणून समजा. क्लॅम्प हळूहळू सैल करून पाटे तारेच्या ब्रशने घासावेत, मध्ये ग्राफाइट ग्रीस लावावे आणि संच पुन्हा आवळून नवा सेंटर बोल्ट बसवावा.

बसवताना सेंटर बोल्टचे डोके अ‍ॅक्सलवरच्या भोकात नीट बसले पाहिजे, नाहीतर गाडी तिरकी चालते. यू-बोल्ट आळीपाळीने सारखे आवळावेत. रबरी बुश असतील तर टोकांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरल्यावरच शेवटचे आवळावेत. अधांतरी आवळले तर बुश पिळवटून लवकर फाटतात. सुमारे 100 किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासावेत.

हे घरी करू नये : पुढची गोल स्प्रिंग मोठ्या दाबाखाली असते. ती दाबून धरण्याचे खास अवजार नसेल तर ती सोडू नये. तारेने किंवा साखळीने बांधून जुगाड केला तर ती सुटून जीव घेऊ शकते. ते काम मिस्त्रीचेच.

मजुरीत काटकसर करा, पण आधाराच्या ओंडक्यात आणि नव्या बोल्टांत करू नका. गाडीखाली जो झोपतो तो आपल्याच घरचा असतो. त्या गाडीतून उद्या लेकरे शाळेला जायची असतात.

— ऊस विकास अधिकारी