कॅनडाचं मत : ऐकीव आणि खरं

जानेवारी २०२५ मध्ये कॅनडात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं सरकार येणार, हे सगळेच गृहीत धरून चालले होते. पिएर पॉलिएव्ह यांचा हा पक्ष जनमत चाचण्यांत वीसहून अधिक टक्क्यांनी पुढे होता. ६ जानेवारीला लिबरल पंतप्रधान जस्टिन ट्रुडोंनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. मग डोनाल्ड ट्रम्प यांनी आयातशुल्काचा बडगा उगारला आणि कॅनडाला अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य करण्याची भाषा लावून धरली. २८ एप्रिलला मतदान झालं तेव्हा ट्रुडोंच्या जागी आलेल्या मार्क कार्नी यांच्या लिबरल पक्षाने ३४३ पैकी १६९ जागा जिंकल्या आणि पॉलिएव्ह स्वतःच्या कार्लटन मतदारसंघातच पडले.

आपल्याकडे या निकालाचा अर्थ झटपट लावला गेला : कॅनडा मुळातच डाव्या विचारांचा देश, तिथे उजव्यांचं काही चालत नाही. त्या देशाबद्दल आपल्या डोक्यात पक्क्या बसलेल्या समजुतींपैकी ही पहिली, आणि आकडे पाहिले की ती टिकत नाही. लिबरलांना ४३.८ टक्के मतं मिळाली, कॉन्झर्व्हेटिव्हांना ४१.३. हरलेल्या पक्षाचाही मतांचा वाटा आधीच्या निवडणुकीपेक्षा वाढलाच होता. कोसळला तो एनडीपी हा डावा पक्ष : २०२१ मध्ये जवळपास १८ टक्के मतं मिळवणारा हा पक्ष सहा टक्क्यांवर आणि सात जागांवर आला. ट्रम्पना तोंड द्यायला कोण, या प्रश्नावर डावीकडची मतं लिबरलांच्या मागे गोळा झाली. त्याआधीच्या २०१९ आणि २०२१ या दोन्ही निवडणुकांत तर देशभरातली सर्वाधिक मतं कॉन्झर्व्हेटिव्हांनाच होती. जागा कमी पडल्या, म्हणून ट्रुडो सत्तेत राहिले. ज्याला जास्त मतं तो मतदारसंघ त्याचा, ही आपल्यासारखीच पद्धत तिथेही आहे, त्यामुळे मतं आणि जागा यांची फारकत आपल्याला तरी नवी वाटायला नको. स्टीफन हार्पर हे कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान २००६ ते २०१५ अशी जवळपास दहा वर्षं सत्तेत होते, आणि लोकसंख्येने सर्वांत मोठ्या ओंटारिओ प्रांतात फेब्रुवारी २०२५ मध्ये डग फोर्ड यांच्या उजव्या पक्षाने सलग तिसऱ्यांदा बहुमत मिळवलं.

नकाशा पाहूनही अशीच फसगत होते. अल्बर्टा हा तेलाचा प्रांत नकाशावर जवळपास सगळा कॉन्झर्व्हेटिव्हांच्या निळ्या रंगात दिसतो. तिथे ३७ पैकी ३४ जागा त्यांच्याकडे गेल्या. पण त्याच अल्बर्टात लिबरलांना सुमारे २८ टक्के मतं होती. जागा मिळाल्या दोन. एकाच घरात दोन पक्षांची माणसं तिथेही जेवायला बसतात.

‘कॅनडा म्हणजे खलिस्तान्यांची मतपेढी’

२०२३ च्या जूनमध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या सरे इथे खलिस्तानवादी हरदीपसिंग निज्जरची हत्या झाली, सप्टेंबरमध्ये ट्रुडोंनी संसदेत भारताकडे बोट दाखवलं आणि दोन्ही देशांचे संबंध रसातळाला गेले. तेव्हापासून मराठी बातम्यांमधला कॅनडा जणू या एका प्रश्नावर मतदान करतो. २०२१ च्या जनगणनेनुसार कॅनडात शिखांची संख्या ७ लाख ७२ हजारांच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या २.१ टक्के आहे. हिंदूंची संख्या त्याहून किंचित जास्त, २.३ टक्के आहे. काही मतदारसंघांत शीख मतं निर्णायक ठरतात, हे खरं. पण ती एकगठ्ठा नाहीत. कॉन्झर्व्हेटिव्हांचे टिम उप्पल शीखच आहेत. एनडीपीचे नेते जगमीत सिंग २०२५ मध्ये स्वतःची जागा गमावून बसले आणि त्यांनी पक्षाचं नेतेपद सोडलं. साध्या मतदाराला काय सतावतं हे विचारलं, की उत्तरं येतात ती महागाई, घराचं भाडं, डॉक्टर मिळत नाही, अमेरिका काय करेल, अशी. भारताशी भांडण हा त्याच्या रोजच्या चिंतेचा विषय नाही. खलिस्तानवादी गटांच्या कारवायांची भारताने काळजी करणं रास्तच आहे. त्या गटांना चार कोटींच्या देशाचं मत समजणं मात्र चूक आहे.

‘पर्यावरणासाठी कर भरायला ते लोक तयार असतात’

या समजुतीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोकांचं मत नेमकं कसं बनतं हे इथे फार स्वच्छ दिसतं.

२०१९ मध्ये ट्रुडो सरकारने इंधनावर कार्बन शुल्क लावलं. सुरुवात दर टनाला २० डॉलरनी झाली, एप्रिल २०२४ मध्ये ते ८० डॉलरवर गेलं, म्हणजे पेट्रोलच्या लिटरमागे साधारण साडेसतरा सेंट. योजनेतली खरी गोम परताव्यात होती. जमा झालेल्या पैशातला बहुतेक भाग दर तीन महिन्यांनी कुटुंबांच्या बँक खात्यात परत यायचा. संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा हिशेब सांगत होता की थेट शुल्क आणि परतावा एवढंच धरलं, तर बहुतांश कुटुंबांना भरल्यापेक्षा जास्त परत मिळतं. तरी लोकांना विचारलं की मोठ्या संख्येने उत्तर यायचं, आमचं नुकसान होतंय. पेट्रोल भरताना पंपावरचा आकडा डोळ्यांसमोर असतो. खात्यात जमा झालेल्या रकमेपुढे बँका कुठलंतरी मोघम नाव दाखवायच्या, ती कशाची हेच अनेकांच्या ध्यानात यायचं नाही. सरकारने २०२४ मध्ये परताव्याचं नाव बदललं, पण तोवर उशीर झाला होता.

त्याआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, सरकारने स्वतःच्याच धोरणाला भोक पाडलं. घर तापवायच्या तेलावरचं शुल्क तीन वर्षांसाठी थांबवलं. हे तेल वापरणाऱ्या घरांचं प्रमाण अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांत जास्त आहे आणि तिथे लिबरलांच्या जागा धोक्यात होत्या. गॅसवर घर तापवणाऱ्या अल्बर्टा-सस्कॅचेवानच्या लोकांनी विचारलं, आमची थंडी काय वेगळी आहे? या प्रश्नाला सरकारकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते कार्बन शुल्क त्या दिवशीच हरलं. कार्नींनी मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान होताच ग्राहकांवरचं शुल्क शून्यावर आणायचा निर्णय घेतला आणि १ एप्रिलपासून तो अमलात आला. २००८ पासून स्वतःचा कार्बन कर असलेल्या ब्रिटिश कोलंबियानेही त्याच दिवशी तो ग्राहकांवरून उठवला. तो कर आणला होता तिथल्या उजवीकडे झुकलेल्या सरकारने, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. आणि हवामानाचा कैवारी म्हणून ओळखल्या गेलेल्या ट्रुडोंच्याच सरकारने २०१८ मध्ये साडेचार अब्ज डॉलर मोजून ट्रान्स माउंटन ही तेलवाहिनी विकत घेतली होती.

‘आरोग्यसेवा फुकट, म्हणून सगळे खूश’

कॅनडाच्या माणसाला आपल्या सरकारी आरोग्यविम्याचा अभिमान आहे, यात शंका नाही. २००४ मध्ये सीबीसी वाहिनीने प्रेक्षकांना सर्वश्रेष्ठ कॅनेडियन निवडायला सांगितला, तेव्हा त्यांनी या विम्याचे जनक मानले जाणारे टॉमी डग्लस यांना निवडलं. या विम्याची सुरुवात त्यांच्या सस्कॅचेवान प्रांतात झाली, १ जुलै १९६२ ला. त्या वेळी डॉक्टरांनी तेवीस दिवसांचा संप केला होता. आज जी व्यवस्था राष्ट्राची ओळख मानली जाते ती एकमताने आली नाही, भांडून आली.

पण ‘सगळं फुकट’ हे खरं नाही. या विम्यात रुग्णालय आणि डॉक्टर येतात. घरी घ्यायची औषधं, दात, चष्मा यांचा खर्च पुष्कळ लोक नोकरीतल्या खासगी विम्यातून किंवा खिशातून करतात. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला सुमारे तीस टक्के वाटा असा खासगी आहे. विमा चालवतात प्रांत, त्यामुळे नियमही जागोजागी वेगळे. ओंटारिओत परदेशी विद्यार्थ्याला प्रांताचा विमा मिळत नाही. मुलाकडे सुपर व्हिसावर जाणाऱ्या आईवडिलांना किमान एक लाख डॉलरचा खासगी आरोग्यविमा आधी काढावा लागतो. लोकांचा राग आहे तो वाट पाहण्यावर : लाखो प्रौढांना स्वतःचा फॅमिली डॉक्टर नाही, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला महिनोन् महिने थांबावं लागतं. या रागाचा अर्थ अमेरिकेसारखी व्यवस्था हवी असा लावणाऱ्या राजकारण्याची मात्र तिथे धडगत नसते. अभिमान आणि संताप दोन्ही एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी असतात.

कायदा उदार, म्हणून माणसंही तेवढीच उदार?

कॅनडात फाशी १९७६ मध्ये रद्द झाली, शेवटची दिली गेली ती डिसेंबर १९६२ मध्ये टोरांटोत. १९८७ मध्ये ती परत आणावी का यावर खासदारांनी पक्षादेशाविना मतदान केलं आणि प्रस्ताव १४८ विरुद्ध १२७ असा फेटाळला गेला. तरीही आजवरच्या सर्वेक्षणांत खुन्याला फाशी असावी म्हणणारे निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त निघतात. लोकांचं मत एकीकडे आणि कायदा दुसरीकडे असं चाळीस-पन्नास वर्षं चालू आहे, आणि कुठलाही मोठा पक्ष तो विषय पुन्हा उघडायला धजत नाही.

गर्भपाताबाबत तर फौजदारी कायदाच उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी १९८८ ला जुना फौजदारी कायदा रद्दबातल केला, त्यानंतर संसदेने नवा केलाच नाही. समलिंगी विवाहाला २००५ मध्ये देशभर मान्यता मिळाली. त्या वेळी विरोधात असलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने २०१६ मध्ये विवाहाची स्त्री-पुरुष अशी व्याख्या आपल्या धोरणातून काढून टाकली.

क्वेबेक प्रांत मात्र कुठल्याच साच्यात बसत नाही. गर्भपात, इच्छामरण अशा प्रश्नांवर तो देशातला सर्वांत मोकळा प्रांत म्हणावा असा. त्याच क्वेबेकने २०१९ मध्ये कायदा करून सरकारी शाळांतल्या शिक्षकांना आणि पोलिसांना कामावर हिजाब, पगडी, क्रूस वापरायला बंदी केली. टोरांटोतल्या उदारमतवाद्याला हा धार्मिक स्वातंत्र्यावरचा घाला वाटतो. माँट्रियालबाहेरच्या फ्रेंचभाषक मतदाराला ती चर्चच्या जोखडातून सुटलेल्या समाजाची धर्मनिरपेक्षता वाटते. याच प्रांताने १९९५ मध्ये वेगळं होण्याविरुद्ध ५०.५८ टक्के कौल दिला होता, फरक फक्त ५४,२८८ मतांचा. त्यामुळे ‘कॅनडातल्या इतक्या टक्के लोकांना असं वाटतं’ हा मथळा दिसला की आधी क्वेबेकचा आकडा वेगळा दिलाय का ते पाहावं. एक हजार लोकांच्या पाहणीत लोकसंख्येच्या प्रमाणात अटलांटिक प्रांतांतले पासष्टेक जणच येतात. तेवढ्यांवरून चार प्रांतांचं मत सांगणारी बातमी मी तरी बाजूला ठेवते.

‘आता त्यांना बाहेरचे नकोच आहेत’

मराठी घरांना सर्वांत जवळून भिडणारी समजूत ही. परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा वाटा सर्वांत मोठा, त्यात पुणे-नाशिक-नागपूरची मुलंही आली. एन्व्हायरॉनिक्स ही संस्था वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारत आली आहे : स्थलांतर गरजेपेक्षा जास्त होतंय का? २०२२ मध्ये ‘हो’ म्हणणारे २७ टक्के होते, २०२३ मध्ये ४४ आणि २०२४ मध्ये ५८. इतकी उडी दोन वर्षांत कशाने?

द्वेष वाढला, हे उत्तर सोपं आहे आणि अपुरं आहे. वर्णद्वेष आहे, भारतीयांवर समाजमाध्यमांत होणारी घाण टीका वाढली आहे, ते नाकारून चालणार नाही. पण पाहणीत लोकांनी दिलेली प्रमुख कारणं घरांची टंचाई, अर्थव्यवस्था आणि सरकारचा ढिसाळ कारभार ही होती. कॅनडात जन्मलेले आणि बाहेरून आलेले यांच्या उत्तरांत फार तफावत नव्हती. स्थलांतराने अर्थव्यवस्थेचं भलं होतं असं मानणारे तेव्हाही बहुसंख्यच होते. २०२३ या एका वर्षात लोकसंख्या सुमारे पावणेतेरा लाखांनी, म्हणजे ३.२ टक्क्यांनी वाढली, १९५७ नंतर सर्वांत वेगाने. त्यात मोठा वाटा कायमच्या स्थलांतरितांचा नव्हता, तात्पुरत्या परवान्यावर आलेल्या विद्यार्थ्यांचा आणि कामगारांचा होता. घरं त्या वेगाने बांधली जात नव्हती. आणि विद्यार्थी एवढे का आले? ओंटारिओ सरकारने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी दहा टक्क्यांनी उतरवून गोठवली, अनुदान वाढवलं नाही. महाविद्यालयांनी त्यामुळे तिजोरीला पडलेली भोकं परदेशी मुलांच्या कैकपट फीने बुजवली. आपल्या मुलांच्या आईवडिलांनी शेतं गहाण टाकून भरलेल्या पैशावर एका श्रीमंत प्रांताचं उच्चशिक्षण तरलं, आणि गर्दी झाल्यावर बोट त्या मुलांकडेच गेलं. हा अन्याय आहे, आणि तो स्पष्ट शब्दांत सांगायला हवा.

धोरण मग वेगाने फिरलं. जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली आणि खर्चासाठी दाखवायची रक्कम १० हजारांवरून २०,६३५ डॉलर झाली, पुढे आणखी वाढली. ऑक्टोबरमध्ये २०२५ साठीचं कायम निवासाचं लक्ष्य पाच लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं. दार बंद झालेलं नाही. एवढी माणसं घेणारे देश आजही मोजकेच आहेत. पण सरकारी महाविद्यालयाचा अभ्यासक्रम खासगी संस्थेत शिकवला जात असेल, तर तिथे नव्याने प्रवेश घेणाऱ्याला मे २०२४ पासून शिक्षणानंतरचा कामाचा परवाना मिळत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ पासून बऱ्याच पदविका अभ्यासक्रमांना या परवान्यासाठी विषयाची अटही लागू झाली आहे. एजंटने दाखवलेल्या पत्रावर संस्थेचं नाव कितीही मोठं असो, फी भरण्याआधी हे दोन मुद्दे कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावेत.