कुपीतला काळा रंग, काजव्याचा उजेड

हातपंपाचं पाणी बाटलीत खुणेपर्यंत भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि बाटली घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवून द्यायची. तळाशी कागदाची एक पट्टी असते. तिच्यातली औषधं विरघळली की पाण्याला फिकट पिवळसर रंग चढतो. दुसऱ्या दिवशी रंग तसाच असला तर ठीक. पाणी शाईसारखं काळं पडलं असेल, तर त्यात विष्ठेतून आलेले जंतू असण्याची शक्यता दाट आहे.

2023 साली मध्य प्रदेशातले पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. संत्र्याच्या या पट्ट्यात विहीर, बोअर आणि नळयोजना अशा तिन्हींचं पाणी पोटात जातं, म्हणून ही कुपी मोलाची. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये तर दर गावातल्या पाच महिलांना अशा तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं.

ही कुपी मध्य प्रदेशचीच लेक. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव या तिघांनी 1982 साली तिची कृती जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पेप्टोन, थायोसल्फेट आणि लोहाचा एक क्षार कागदात मुरवून वाळवायचा. आतड्यातले बरेच जिवाणू थायोसल्फेटमधून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, तो लोहाला भिडतो आणि काळा आयर्न सल्फाइड तयार होतो. सूक्ष्मदर्शक नको, वीज नको, बारा ते अठरा तास पुरतात. नको असलेल्या इतर जिवाणूंना दडपायला त्यांनी त्यात टीपॉल घातलं होतं. टीपॉल म्हणजे साबणासारखं धुण्याचं द्रव डिटर्जंट.

पाण्यासारखेच कारखान्यातून येणाऱ्या शाम्पू-क्लीनरमध्येही जंतू तपासावे लागतात. पण साबण जंतूंना मारतो, मग साबणाच्या बाटलीत जंतू कसे? वडीच्या साबणात फारसे टिकतच नाहीत, कारण त्यांना लागतं तेवढं मोकळं पाणी तिथे नसतं. शाम्पू, लोशन, ओले टिश्यू, द्रव क्लीनर यांत मात्र पाणीच मुख्य घटक असतो, आणि कारखान्याच्या पाण्याच्या नळीत स्यूडोमोनास या जिवाणूने एकदा चिकट थर धरला की तो हटता हटत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये क्लोरॉक्स कंपनीला अमेरिकेत पाइन-सॉल या क्लीनरच्या सुमारे 3.7 कोटी बाटल्या परत मागवाव्या लागल्या. कारण हाच जिवाणू. धडधाकट माणसाला त्याचा सहसा त्रास होत नाही. जखम असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला तो भारी पडतो.

आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तीन वर्षांखालच्या मुलांच्या आणि डोळ्यांभोवती लावायच्या प्रसाधनात एका ग्रॅममागे शंभर, इतर बहुतेकांत हजार, एवढेच सूक्ष्मजीव चालतात. मोजायची जुनी रीत म्हणजे प्लेट लावायची. आगराच्या थाळीवर नमुना पसरून ती उबवणी-पेटीत ठेवली की ठिपके उगवतात. जिवाणूंना तीन दिवस, बुरशीला पाच. तोवर सगळी बॅच गोदामात अडकून पडते.

तो वेळ वाचवायला काजवा मदतीला आला. प्रत्येक जिवंत पेशीत एटीपी नावाचा ऊर्जेचा रेणू असतो आणि काजव्याचा दिवा त्यावरच पेटतो, हे 1947 साली बाल्टिमोरच्या विल्यम मॅकएलरॉय यांनी दाखवलं. त्यासाठी शेजारपाजारच्या पोरांकडून ते शंभर काजव्यांना पंचवीस सेंट देऊन काजवे विकत घेत. आता काजवे पकडावे लागत नाहीत. 1985 साली काजव्याचा दिवा पेटवणाऱ्या ल्युसिफरेज या विकराचं जनुक वेगळं काढलं गेलं आणि ते ई. कोलाय जिवाणूकडूनच बनवून घेता येऊ लागलं. ज्या जंतूच्या शोधात प्रयोगशाळा असते, त्याच्याच जातभाईने शोधाचं हत्यार घडवून द्यावं, ही मला या साऱ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

नमुना पोषक द्रवात साधारण एक दिवस उबवायचा, पेशी फोडायच्या, ल्युसिफरेज टाकायचं. यंत्राच्या अंधाऱ्या कप्प्यात उजेड चमकला, तर आत कुणीतरी जिवंत आहे. एका जिवाणूतला एटीपी नगण्य असतो, म्हणून काही यंत्रं त्या पेशीचाच दुसरा एक विकर वापरून आणखी एटीपी बनवून घेतात आणि उजेड कैकपटीने वाढवतात.

पण उजेड नाव सांगत नाही. तो निरुपद्रवी जिवाणूचा की स्यूडोमोनासचा, हे ठरवायला पुन्हा प्लेट लावावीच लागते. शिवाय शाम्पूतलं परिरक्षक आधी लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट घालून निष्प्रभ करावं लागतं. नाहीतर जंतू अर्धमेले होऊन वाढत नाहीत आणि बॅच स्वच्छ असल्याचा भास होतो. ही पायरी गाळून वाचवलेला दिवस अंगलट येतो.

कुपीचंही तसंच. माती-पाण्यातले काही जिवाणूही ती काळी करतात, म्हणून काळ्या कुपीनंतर त्याच ठिकाणचा नवा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जातो. आणि ती कुपी उघड्यावर ओतायची नसते: एका रात्रीत त्यात जंतूंची अफाट वाढ झालेली असते. आधी ब्लीचिंग पावडरचं पाणी घालायचं, थोडा वेळ थांबायचं, मग पोरांच्या हाताला लागणार नाही अशी दूर खड्ड्यात रिती करायची.