‘काई तरास न्हाई’ या उत्तराची किंमत

माझ्या मायला काचबिंदू आहे. गेल्या वर्षी मी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात नेले. भिंतीवरच्या तक्त्यातील चिन्हांची तोंडे कोणत्या दिशेला आहेत, हे तिने बोटाने बरोबर दाखवले. डॉक्टरांनी 6/9 असा आकडा लिहिला आणि विचारले, “मावशी, काही त्रास?” माय म्हणाली, “न्हाई सायेब, काई तरास न्हाई.” कागदावर तेवढेच लिहिले गेले. त्याच संध्याकाळी घरात उंबऱ्यालगतच्या घागरीला पाय लागून ती पडली.

आकडा खोटा नव्हता. स्नेलेन या डच डॉक्टराने 1862 मध्ये काढलेल्या पद्धतीचा हा तक्ता समोरची, मधली नजर मोजतो. काचबिंदूत डोळ्याच्या नसेची हानी होते आणि बहुधा बाजूची नजर आधी जाते. मधली नजर बराच काळ टिकते. गेलेली नजर परत येत नाही. रोज घालायचे थेंब उरलेली नजर राखतात, एवढेच. म्हणजे औषधाने बरे वाटत नाही, चुरचुर आणि खर्च मात्र रोज जाणवतो. अशा आजारात रुग्णाला काय सोसते आणि काय नको आहे, हे त्यालाच विचारावे लागते. या विचारण्याचेही एक शास्त्र आहे. मी अर्थशास्त्र शिकवतो. त्यामुळे ते माझ्या विषयाच्या कक्षेत येते.

त्यातली एक पद्धत 1972 मध्ये टोरन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. रुग्णाला विचारतात, तुमची वीस वर्षे उरली आहेत असे धरा. नजर पूर्ण चांगली होणार असेल, तर त्यातली किती वर्षे सोडाल? तो पाच म्हणाला, तर उरली पंधरा. पंधराला विसाने भागून 0.75 हे त्याच्या आजच्या जगण्याचे मूल्य ठरते. पूर्ण आरोग्य म्हणजे 1, मृत्यू म्हणजे 0. उपचाराने हे मूल्य दहा वर्षे 0.75 वरून 0.85 वर राहिले, तर एक पूर्ण वर्ष ‘कमावले’ असा हिशेब होतो. सार्वजनिक पैसा कोणत्या उपचारावर खर्च करावा, हे ठरवताना अशा हिशेबाचा आधार घेतात. आपल्या देशातही 2017 पासून केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाने त्यासाठी वेगळी यंत्रणा उभी केली आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही.

मी हा प्रश्न मायला विचारून पाहिला. ती म्हणाली, “माझे वर्स म्या कसे देऊ? नात लहान हाय आजून.” एकही वर्ष ती द्यायला तयार नाही, म्हणजे गणिताने तिचे मूल्य 1 आले. हिशेबाच्या भाषेत माझ्या मायच्या डोळ्यांना काहीच झालेले नाही आणि तिच्यावर खर्च करण्याने काहीच साधणार नाही.

दुसरी पद्धत प्रश्नावलीची. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेची पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. वर्तमानपत्र वाचता येते का, मोटार चालवता येते का, असे प्रश्न तिच्यात आहेत. अंधुक उजेडात पायऱ्या उतरणे, बाजूच्या वस्तू दिसणे, दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागणे हेही आहे. ते मायच्या कामाचे आहे. पण ‘इतर कारणाने हे काम करत नाही’ असे उत्तर आले, की तो प्रश्न गुणांतून वगळतात. मायला वाचता येत नाही ते डोळ्यांमुळे नव्हे. तिला शाळेचे दारच दिसले नाही. एका माणसाचे वाचन आजाराने हिरावले, तर ती हानी मोजली जाते. दुसऱ्याचे समाजाने आधीच हिरावलेले असते, तिथे रकाना कोरा राहतो.

भारतात याचा विचार झालेला आहे. रुग्णांशी गटचर्चा करून, त्यांच्या बोलण्यातूनच तेहतीस प्रश्नांची भारतीय प्रश्नावली तयार झाली आणि 2005 मध्ये तिची पारख प्रसिद्ध झाली. रोजची कामे, मनावर व लोकांतल्या वावरावर होणारा परिणाम आणि डोळ्यांची लक्षणे, असे तिचे तीन भाग आहेत. दिशा योग्य आहे.

तरीही एक अडचण उरते. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे, की दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस आपल्या इच्छाच आखडून घेतो. म्हणून त्याच्या समाधानावरून त्याची स्थिती मोजता येत नाही. ‘काई तरास न्हाई’ हे असेच उत्तर आहे. मी खोदून विचारले तेव्हा माय म्हणाली, “तरास हाय म्हनलं की तुझी रजा, तुझा पैका. येवढं दिसतंय ते लई झालं.” पिढ्यान्‌पिढ्या कमी मागायला शिकवलेल्या माणसाच्या या उत्तराला आपण समाधान म्हणू नये.

म्हणून मी प्रश्न बदलला. त्रास आहे का, असे न विचारता मागच्या दोन वर्षांत काय काय सोडलेस, असे विचारले. पौर्णिमेला विहारात जाणे सोडले, कारण येताना गटार दिसत नाही. एकटीने एस.टी.त चढणे सोडले. बाजूने येणाऱ्या बाया दिसत नाहीत; ‘लेक साहेब झाला म्हणून बोलत नाही’ असे त्या म्हणतात, म्हणून पारावर बसणे सोडले. आणि रात्रीचा दुसरा थेंब गालावरच पडतो, हे कुणाला सांगितलेच नव्हते.

ही यादी घेऊन मी पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी ती नीट वाचली. दोन बाटल्यांऐवजी दोन्ही औषधे एकत्र असलेली एक बाटली दिली आणि थेंब घालण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावे असे लिहून दिले. पहिल्या भेटीतही हे होऊ शकले असते.

मोजमाप नको, असे मी म्हणत नाही. जे मोजले जात नाही त्याला अंदाजपत्रकात जागा मिळत नाही, हे आपल्या चळवळीला चांगले ठाऊक आहे. पण प्रश्न कोण तयार करतो आणि उत्तर देणाऱ्याला किती मागायची सवय आहे, हेही तपासले पाहिजे. आपल्यातले जे विद्यार्थी, शिक्षक, कार्यकर्ते आपल्या म्हाताऱ्यांना घेऊन दवाखान्यात जातात, त्यांनी जाण्याआधी घरी बसून ‘काय काय सोडलेस?’ एवढे विचारावे आणि उत्तर कागदावर लिहून न्यावे.