वेताळाला रंग कोणता द्यावा?

रंगभरणाचे पुस्तक म्हटले की मेणखडूंचा डबा उघडून बसलेले शाळकरी मूल डोळ्यांसमोर येते. गेल्या दशकात हे चित्र पालटले. स्कॉटलंडच्या चित्रकर्ती जोहाना बॅसफर्ड यांचे ‘सीक्रेट गार्डन’ 2013 मध्ये आले आणि वेलबुट्ट्या रंगवण्याचा छंद प्रौढांमध्ये देशोदेशी पसरला. कॉमिक्सचे प्रकाशकही मागे राहिले नाहीत. मार्व्हलने ‘कलर युअर ओन’, तर डीसीने ‘कलरिंग डीसी’ ही मालिका काढली. बॅटमॅनची ‘हश’ ही गाजलेली कथा रंग वगळून, केवळ काळ्या रेषांत पुन्हा छापली गेली. उरलेले काम वाचकावर सोपवण्यात आले.

ज्या पात्रांवर लहानपणी जीव जडला, त्यांचे रंग आपण ठरवणे म्हणजे आगळीक तर नव्हे, असा प्रश्न जुन्या वाचकाला पडू शकतो. त्याचे उत्तर कॉमिक्सच्या घडणीतच आहे. अमेरिकी पद्धतीत साधारणतः एक चित्रकार पेन्सिलीने पान रेखाटतो, दुसरा शाईने रेषा पक्क्या करतो आणि रंग तिसराच कुणी भरतो. पूर्वी स्वस्त कागदावर चार शाईंच्या ठिपक्यांतून छपाई होई, त्यामुळे छटा मोजक्याच मिळत. रंग भरणाऱ्याचे नाव तर कित्येक वर्षे अंकावर छापलेही जात नसे.

म्हणूनच आपण ज्यांना ‘मूळ रंग’ मानतो, त्यांतील काही निव्वळ छापखान्याच्या अडचणीतून जन्मले. 1962 च्या पहिल्या अंकात हल्क करड्या रंगाचा होता. तो करडा पानोपानी वेगवेगळा उमटू लागला, म्हणून दुसऱ्या अंकापासून हल्क हिरवा झाला. वेताळाची गोष्ट आणखी रंजक आहे. त्याचे जनक ली फॉक यांच्या कल्पनेतील वेष करडा होता. 1936 मध्ये सुरू झालेली दैनिक चित्रमालिका कृष्णधवल असल्याने रंगाचा प्रश्न उद्भवला नाही. 1939 मध्ये रविवारची रंगीत मालिका आली आणि तिच्यात वेष जांभळा छापला गेला. स्वीडनमध्ये तो निळा राहिला, इटलीत लाल. टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या, 1964 मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून हा वेताळ मराठीतही आला. तेथे आरंभीच्या अंकांत त्याचा वेष निळा होता, पुढे तो जांभळा झाला. मग यांतील खरा रंग कोणता?

अर्थात रंग कोणताही चालतो, असा याचा अर्थ नव्हे. ‘द किलिंग जोक’ ही बॅटमॅनकथा 1988 मध्ये जॉन हिगिन्स यांच्या भडक, अस्वस्थ करणाऱ्या रंगांत प्रसिद्ध झाली. चित्रकार ब्रायन बोलंड यांनी 2008 मध्ये तीच चित्रे स्वतः थंड, संयत छटांत पुन्हा रंगवली. रेषा बहुतांशी त्याच असूनही दोन आवृत्त्यांचा भाव निराळा आहे. रंग ही सजावट नसून कथनाचाच भाग आहे, हे हातात पेन्सिल घेतल्यावर विशेष जाणवते.

वेलबुट्टीचे पान कोठूनही रंगवता येते. कॉमिक्सचे तसे नसते. एका चौकटीतील रात्र पुढच्या चौकटीतही रात्रच राहिली पाहिजे. म्हणून प्रकाश कोठून येतो ते आधी ठरवावे, तीन-चार रंगांतच पान बसवावे आणि पार्श्वभूमी फिकी ठेवून पात्र उठावदार करावे. कागद पातळ असल्यास स्केचपेनची शाई मागे फुटते. तेथे रंगीत पेन्सिलीच बऱ्या.

या पुस्तकांच्या जाहिरातींत ‘मनःशांती’ हा शब्द वारंवार भेटतो. तो जपून घ्यावा. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात कोऱ्या कागदावर मनाप्रमाणे रंगवणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा आखीव नक्षी रंगवणाऱ्यांची अस्वस्थता अधिक कमी झाली होती. पण तो प्रयोग भौमितिक नक्षीचा होता, बॅटमॅनचा नव्हे. आणि विरंगुळा म्हणजे उपचारही नव्हे. मन खरोखरच खचले असेल, तर तज्ज्ञाकडेच जावे.

या पुस्तकांचे खरे देणे वेगळे आहे. एक पान रंगवायला आपल्याला दोन संध्याकाळी लागतात, तेव्हा महिन्याच्या महिन्याला अख्खा अंक रंगवणाऱ्या त्या अनामिक हातांची आठवण होते. वेताळाला कोणता रंग द्यायचा, हे एकेकाळी त्यांनी ठरवले. आता एखाद्या पानापुरते आपण ठरवावे.